डोळ्याला चिमटी

रोहा, ९ जानेवारी १९९४

ति. केरूदादास शांतीचा सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी सांगितलं, मनालीला कधीच ऐकू येणार नाही. काल पोर तासभर रडली, शेवटी तिनं माझं बोट धरून माठापाशी नेलं. पाच वर्षांच्या माझ्या लेकीला तहान सांगता येत नाही, दादा. तुम्ही सगळे मिठागरावर या बांधावरून त्या बांधावर हातांनीच बोलता. तिच्यासाठी तशी भाषा कर.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी शांती

पेण, १९ जानेवारी

चि. सौ. शांतीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

मोठी यादी करू नकोस. ती ज्यासाठी रडते, त्यालाच आधी खूण दे. पाण्याला बोटं खाली सोडायची, मिठाला चिमटी. माणसांना त्यांची खोड: मी म्हणजे वाकडा अंगठा, तू म्हणजे फुगलेले गाल, रुसूबाई! दोन खुणा जोडणं तिच्यावर सोड. मिठागरावरचा आमचा जनू म्हणतो, पोर शिकंल, हात हायत ना तिला.

तुझ्यावर लोभ आहेच.
केरू

रोहा, २ जून

ति. दादास सा. न.

वहीत एकसष्ट शब्द झाले. परवा मी रडत होते, तर मनालीनं चिमटी डोळ्याला लावली. मीठ आणि डोळा, म्हणजे रडणं. हा तिचा स्वतःचा शब्द!

रडत होते, कारण सोमवारी तिला मुंबईच्या निवासी शाळेत सोडायचंय. तिथे बोलायला शिकवतात, पण हात हलवू देत नाहीत. तिच्या तोंडून एकदा आई ऐकायची हाव सुटली. मीच हो म्हटलं.

आशीर्वाद असू दे.
शांती

रोहा, ८ नोव्हेंबर

ति. दादास सा. न.

मनाली दिवाळीला आली. नुसतं ‘आ’ म्हणाली, तर घरात पेढे वाटले. सगळे गेल्यावर मी अंगठा वाकवून तुझी आठवण काढली. तिनं माझा हात धरून खाली दाबला आणि कोणी पाहिलं का म्हणून दाराकडे बघितलं. आता ती स्वतःच्या हातांवर बसून असते. तहान लागली तरी सांगत नाही. तिच्याकडे होती तेवढी भाषा मीच काढून घेतली, दादा. माझा मलाच तिटकारा आलाय.

जमलं तर माया कर.
शांती

पेण, १५ नोव्हेंबर

चि. शांतीस आशीर्वाद.

तुला रागवायला जीभ रेटत नाही. पत्र इथे मिठागरावर सगळ्यांना वाचून दाखवलं. जनूनं डोळ्याला चिमटी लावली. मी सांगितल्यापासून सगळेच तो शब्द वापरतात. कुणाकडे मयत झाली, तर बांधावरून तसंच कळवतात. ज्यांना धड ऐकू येतं, त्यांच्याकडे तिची भाषा राहिली.

शाळेत परत सोडण्याआधी तिला एकदा आण. हात हलवायला सांगणार नाही. तिला नुसतं लांबून आमचे हात बघू दे.

वाट बघणारा,
केरू