पेन्सिलचा ठिपका

४ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघे कसे आहेत? आई मजेत. एवढ्या उकाड्यातही गळ्यातला स्कार्फ सोडत नाही, कितीही थट्टा करा. वॉर्डात अजून म्हणतात, तुझ्यासारखी मेट्रन पुन्हा झाली नाही. कौतुकाने की धसक्याने, ते मी विचारलं नाही.

आता खरं सांगते. मंगळवारी अकरा नंबरच्या आजोबांनी घंटा वाजवली. मी दोनच खाटा पलीकडे होते. पण नोंदवहीत त्यांच्या नावापुढे पेन्सिलचा ठिपका होता. तुला ठाऊकच आहे, ठिपका म्हणजे या रुग्णाला काळी नर्स चालत नाही. मी गोऱ्या सिस्टरला बोलवायला धावले, तोवर ते स्वतःच उठले, पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. हलगर्जीपणाचा ठपका माझ्यावर आला. सोळा तारखेला चौकशी आहे. मी ठिपक्याचं नाव काढलं, तर सगळ्याजणी औषधांच्या ट्रेमध्ये डोकं घालून बसल्या. चौकशीत सांगू का गं? नोकरी जाईल अशी भीती वाटते.

उत्तर लगेच धाड. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
चिमणी


७ मार्च

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. नीट ऐक, ठिपक्याबद्दल चकार शब्द काढू नकोस. दुसऱ्या रुग्णाला सलाइन लावत होते, असं सांग. ताकीद देऊन सोडतील. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तू बोललीस की प्रत्येकीला वाटणार, बोट तिच्याकडेच आहे. गोऱ्या रागावतील. आपल्या काळ्या तर जास्तच रागावतील, कारण त्या हे रोज गिळूनच कामावर येतात. मी तोंड मिटलं म्हणून मेट्रन झाले.

जेवत जा वेळेवर. म्हातारीवर माया असू दे.

तुझी,
मावशी


९ मार्च

ती. मावशीस,
सा. न.

तुझं ऐकणारच होते. तरी हाताशी पुरावा असावा म्हणून अडगळीच्या खोलीतल्या जुन्या नोंदवह्या काढल्या. ठिपके मागे मागे जात राहिले. सगळ्यात पहिला ठिपका ज्या पानावर आहे, ते पान तुझ्या अक्षरात आहे. खाली तुझी सही आहे.

मला खूप राग आलाय. का केलंस, तेवढंच लिही.

चिमणी


११ मार्च

चि. चिमणीस,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. ठिपका माझाच.

तेव्हा एका रुग्णाने नव्या नर्सच्या अंगावर कढत चहा फेकला. काळ्या हाताने शिवू नकोस म्हणाला. तक्रार करायला हवी होती. पण मी नुकतीच मेट्रन झाले होते, आणि वरचे साहेब म्हणाले, उगाच विषय वाढवू नका. म्हणून गुपचूप ठिपका सुरू केला. वाटलं, पोरी वाचतील आणि कुणाला काही बोलावं लागणार नाही. पेन्सिलने केला, कारण चार दिवसांत खोडायचा होता. नंतर सोयीचाच झाला, मलाही.

ती नवी नर्स म्हणजे तुझी आई. गळ्यावरचा डाग स्टोव्हचा आहे असं आम्ही दोघी तुला सांगत आलो. खरं सांगायचं तर आम्ही दोघीही त्यावर एकमेकींशी पुन्हा कधी बोललो नाही.

सलाइनचं काही सांगू नकोस. घडलं ते सांग. सोळा तारखेला मी येते आणि पहिला ठिपका कुणी केला ते मीच सांगते. पेन्शन अडकवली तर अडकवू देत.

आईलाही घेऊन ये. तिला म्हणावं, स्कार्फ घरी ठेव.

माया उरली असेल तर स्टेशनवर घ्यायला ये.

तुझी,
मावशी