आधी नाव विचारते

१ फेब्रुवारी १९९१
लागली बाई एकदाची नोकरी! पिशोरहून पहिली एसटी धरली अन् औरंगाबादेत उतरले. दवाखाना लहानसाच, औरंगपुऱ्यात. खोली त्याच्याच मागं. मोठ्या सिस्टर आवडाबाईंनी आल्या आल्या बजावलं, सुई द्यायच्या आधी पेशंटचं नाव विचारायचं, खाट बघून द्यायची नाही. मी मान डोलावली. मनात म्हटलं, हे मला काय शिकवता! अशी मी दीडशहाणी.

९ फेब्रुवारी
माझा, द्वारका सिस्टरचा, हात लई हलका, असं सगळे म्हणायला लागलेत. खिडकीपाशी तात्यासाहेब आहेत, साखरेचा आजार, रोज सकाळी इन्सुलिन. दारापाशी पंख्याखाली केरबामामा, कन्नडकडचे मेंढपाळ, पाय मोडलाय. पंख्याचा वारा सोसत नाही म्हणून घोंगडीत गुरफटून पडतात. त्यांच्या बायकोला मी मामी म्हणते. पुतळामामी भाकरी खाऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत. वजन वाढणार माझं.

१२ फेब्रुवारी
काय लिहू. काल संध्याकाळी पंख्यापायी दोघांनी खाटा बदलून घेतल्या. सकाळी मी घाईत खिडकीपाशी गेले. पांघरुणातून दंड बाहेर आला, इन्सुलिन दिलं. नाव विचारलं नाही. दंड केरबामामांचा होता. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेले मामा. कळलं बी नाय, म्हणाले. मग दरदरून घाम फुटला, जीभ अडखळायला लागली. ऑपरेशनची भीती वाटत असेल, असं समजून मी पाठीवरून हात फिरवत बसले. उशिरा उमगलं. साखर चढवली तोवर गेले होते.
डॉक्टरांनी मामींना हार्टफेल सांगितलं. मला म्हणाले, गप्प राहा. राहिले. मामींनी माझे हात धरून डोळ्यांना लावले, अन् सेवा केलीस म्हणून मामांची घोंगडी मला दिली. शरमेनं जीव नकोसा झाला, तरी घेतली. घोंगडी पेटीत घातली, कुलूप लावलं.

१९ फेब्रुवारी
बद्रीनाथ म्हणून पेशंट आहे, त्याच्याकडं सुई घेऊन गेले तर म्हणाला, सिस्टर, आत्ताच तर दिली की. दंडावर कापसाचा बोळा होता. आवडाबाई म्हणाल्या, तुझं डोकं ठिकाणावर नाही. मलाही तसंच वाटतं.

२३ फेब्रुवारी
आज पुन्हा. सगळ्या खाटांवर. सगळे म्हणतात तुम्हीच दिली, आधी नाव विचारून दिली. औषधं बरोबर, माप बरोबर. बद्रीनाथ हसत होता, एवढ्या उन्हात घोंगडी कशाला घेता म्हणे.
खोलीत येऊन पेटी उघडली. कुलूप तसंच होतं. घोंगडी घामानं ओली —

२६ फेब्रुवारी
पुतळामामी तापानं भरती झाल्या. सुई द्वारका सिस्टरच्याच हातची पाहिजे, असा हट्ट. आज सांगणार. पाय धरून सांगणार. नोकरी गेली तर जाऊ दे.

दुपारी
मामींनी भिंतीकडं तोंड केलं. दंडावर बोळा होता. म्हणाल्या, आत्ताच समदं सांगून गेलीस न बाई, आता किती येळा सांगशील?
अन् मी म्हणाले, मामी, ती मी नव्हते.
काय बोलून बसले हे! पाय धरायला गेले होते —
व्हय, म्हणाल्या मामी. तिला लाज व्हती.

खोलीत
कडी लावलीय. इन्सुलिनची बाटली जागेवर नव्हती. घोंगडी पेटीत नाही.
दाराशी कुणीतरी — माझ्याच आवाजात — नाव विचारतंय.
गप्प बसले. गप्प बसायला येतं मला.
पुन्हा विचारलं. ओरडत नाही, ढकलत नाही. नाव कळल्याशिवाय ती देणार नाही, ठाऊक आहे. तिची एकदाही चूक झाली नाही. गप्प राहिले तर वाचेन मी. मामांच्या वेळेसारखी —
नको.
कडी काढली. दंड उघडा केलाय — स्पिरिटचा गारवा — हात किती हलका — पुन्हा विचारतेय —
सांगते. द्वारका. पिशोरची द्वा