आत्या मरायला तयार नाही

४ मार्च
जुना बंगाली पिक्चर पाहिला. कृष्णधवल. खेड्यातलं गरीब घर, बहीण-भाऊ, एक वाकलेली म्हातारी. खूप रडलो. मधे जरा डुलकी लागली, पण ती भावनेच्या भरात. लग्नाचे व्हिडिओ काढून हात बसलाच आहे. असा पिक्चर मीही काढणार. बायको म्हणाली, आधी त्या नवरीचा व्हिडिओ दे, रोज फोन येतो. कलावंताच्या घरात हे असलं वातावरण.

५ मार्च
म्हातारी ठरली. आमची आत्या. घरातच राहते, वाकलेली आहे, मेकअप लागणार नाही. तिने विचारलं, म्हातारीचं पुढे काय होतं? म्हटलं, मरते. म्हणाली, मग मी नाही. म्हटलं, खोटंखोटं गं. म्हणाली, माझ्या वयात खोटंखोटं काही नसतं.
पटवीन. माणसं हाताळणं हा माझा हातखंडा.

७ मार्च, सकाळी
आगगाडीचा सीन. गवतातून मुलं गाडी बघायला धावतात. आमच्याकडे गवत फक्त पाण्याच्या टाकीमागे, आणि रूळ नाहीत. कचऱ्याची गाडी घेतली. ॲक्शन म्हणालो. मुलगी जागची हलली नाही. म्हणाली, बाबा, ही रोजच येते की.
चेहऱ्यावर मात्र विस्मय होता. म्हणजे जांभई होती, एडिटिंगमध्ये विस्मय करता येईल.

८ मार्च
घर गरीब दिसायला हवं. सोफा जिन्यात ठेवला, पंखा उतरवला, भिंत खरवडली. घरमालक येऊन भिंतीकडे बराच वेळ बघत राहिला. भारावला असावा.

९ मार्च
भारावला नव्हता. रंगाचा डबा आणि ब्रश दारात ठेवून गेलाय.

११ मार्च
तोडगा काढला. आत्याला म्हटलं, मरू नकोस, नुसती झोप. मुलगी येऊन हलवेल, तू कलंडायचं. आत्या छान झोपली. मुलीने हलवलं. आत्या उठून बसली आणि म्हणाली, काय गं, भूक लागली का?
प्रत्येक टेकमध्ये हेच. नंतर रेकॉर्डिंग ऐकलं. मुलगी हलवताना तिच्या कानात कुजबुजत होती, आत्याआजी, मरायचं नाही हं.
युनिटमध्ये शिस्त नाही.

१२ मार्च
कथेवर चर्चा. आत्याचं म्हणणं, कुणीतरी मरायलाच हवं असेल तर घरातलं बिनकामाचं माणूस मरू दे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोठे दिग्दर्शक स्वतः छोटी भूमिका करतातच. होकार दिला.

१४ मार्च
माझा मृत्यू. मी चटईवर, आत्या कॅमेऱ्यामागे खुर्ची टाकून. मी क्लोजअप सुचवला. म्हणाली, मेलेल्याने मधे बोलायचं नाही. मुलीने हलवलं. कलंडलो. आत्या म्हणाली, पोट हलतंय. श्वास रोखला. बायकोचं हसणं थांबलं. मग घरात शांतता. मनात म्हटलं, काय हा परिणाम.
बऱ्याच वेळाने एक डोळा उघडला. तिघी स्वयंपाकघरात जेवत होत्या. कॅमेरा बंद. माझं ताट मांडलेलं नव्हतं. विचारलं तर आत्या म्हणाली, तू गेलास ना मघाशी.
कंटिन्युइटी पक्की आहे तिची. उभ्याउभ्याच जेवलो.