खिडकीजवळची कॉट

प्रिय ताई,

पाकीट बघून दचकू नकोस. आई बरी आहे, बाबा बरे आहेत, आणि माझा पाय प्लास्टरमध्ये असला तरी आता दुखत नाही, नुसता खाजतो. रोज फोनवर बोलतो तरी ही पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. पण फोनवर तू ‘बरंय सगळं’ म्हणतेस, मी ‘बरं’ म्हणते, आणि तेवढ्यात तिकडून कुणीतरी तुला हाक मारतं. कागदावर मध्येच हाक येत नाही. अक्षर मुद्दाम मोठं आणि सुटं काढलंय, म्हणजे तुला हे कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. सावकाश वाच. मला पहिल्यापासून सांगितल्याशिवाय काही सांगताच येत नाही, हे तुला माहीत आहे.

ऑफिसच्या जिन्यावरून पडले तेव्हा मला आधी वाटलं की चला, घरी बसून काम करू, त्यात काय. पण घरी बसणं म्हणजे काय असतं ते चार भिंतींत अडकल्यावर कळतं. कॉम्प्युटरवरचं काम दुपारपर्यंत संपायचं, मग मी छताकडे बघत पडायची आणि आई येता-जाता म्हणायची, नुसती पडून राहिलीस तर गंजशील. म्हणून बाबांच्या लिफ्टदुरुस्तीच्या पेटीतून पक्कड, पाने आणि हातोडी काढली. करवत, पटाशी आणि उरलेल्या दोन-चार फळ्या बाबांनी त्यांच्या कामावरच्या सुताराकडून मागून आणल्या. मोबाइलवर बघून बघून पहिल्यांदा चपलांसाठी फळी ठोकली. बाबा बघत उभे होते. म्हणाले, अगं, हातोडी अशी धरतात का, असं तर पेन धरतात. आणि खरंच, मी ती तीन बोटांत धरली होती! मग एक स्टूल केलं. ते असं झालंय की कोणत्याही बाजूने बसलं तरी माणूस डुलतो. बाबांनी त्याचं नाव साहेब ठेवलंय, कारण ते कुणालाच स्वस्थ बसू देत नाही. आईच्या केसांत भुसा, पाण्याच्या माठावर भुसा. ती विचारायची, प्लास्टर तुझ्या पायाला घातलंय की डोक्याला? पण तिला गंमत वाटत होती. मलाही वाटत होती. हाताने केलेली वस्तू समोर उभी राहते, तिला कुणाची सही लागत नाही, हे मला नवीन होतं. तुला मात्र ते रोजचंच.

इथपर्यंत ठीक होतं. मग टेबलाचं डोक्यात आलं.

मांडीवर कॉम्प्युटर घेऊन मान अवघडायची. नवीन लाकूड आणायला जाता येत नव्हतं. आणि खिडकीजवळ तुझी कॉट तुझ्या लग्नापासून रिकामी होती. रिकामी म्हणजे तिच्यावर मी धुतलेले कपडे टाकायची, आई बटाटे पसरायची. मी तुला फोन केला, आठवतंय ना? तुला न विचारता मी तुझ्या वस्तूला हात लावला नसता, हे मी तेव्हा स्वतःला दहादा सांगितलं आणि आताही लिहून टाकतेय, म्हणजे ही पळवाट किती गुळगुळीत आहे ते तुला दिसेल. मी विचारलं, ताई, तुझी कॉट मोडून मी टेबल केलं तर चालेल ना, तशी ती पडूनच आहे. तुझ्या मागे नळ वाहत होता, तो आधी बंद झाला. मग तू म्हणालीस, काप की, माझं आता तिथे काय काम. मी थँक यू म्हटलं. मला नेहमी वाटत आलंय की विचारलं म्हणजे झालं. पण समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागाच राहणार नाही, असं विचारता येतं, आणि ते मला छान जमतं. एवढ्या शिक्षणात ते कधी जमलं कोण जाणे.

कापताना मी खूश होते, हे लपवत नाही. दोन्ही लांब पट्ट्या खिडकीच्या कोपऱ्यात मावतील अशा कापल्या, हातभर तुकडे बाजूला पडले. उशाकडच्या पट्टीवर आतल्या बाजूने बारीक बारीक भोकांच्या रांगा दिसल्या. मला वाटलं कीड लागली. मग लक्षात आलं, झोपायच्या आधी तू ब्लाउजातल्या सुया काढून तिथे टोचून ठेवायचीस, शेजारी झोपलेल्या मला टोचू नयेत म्हणून. दिवसभर मशीनवर बसून यायचीस आणि सुई हरवली तर रात्री हाताने गादी चाचपत बसायचीस. मी घासकागद घेऊन बसले होते, तो थांबवला. तेवढी जागा घासली नाही. पण कापायचीही थांबले नाही, ताई.

आणि मग तू आलीस.

दारात उभी राहिलीस, एका हातात मोठी बॅग आणि काखेत उशी. मी म्हटलं, काय गं, आमच्याकडे पाहुण्यांना उशी मिळत नाही का, म्हणून बरोबर घेऊन फिरतेस? माझी अक्कल बघ, तुला मी पाहुणी म्हटलं. तू हसलीस, दुसऱ्या उशीवर मान धरते म्हणालीस. आत आलीस आणि बोलता बोलता थांबलीस. टेबलावरून तळहात फिरवलास, वाकून खालून बघितलंस, शिवण उलटून बघतेस तसं. म्हणालीस, छान झालंय, एक पाय जरा आखूड आहे. आणि हसत हसतच विचारलंस, मग मी कुठे झोपू? मी म्हटलं, अगं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, खाली गादी टाकू.

दोन दिवस कुणी सांगितले होते? तू नाही. आईने विचारलं नव्हतं. भावोजींचा फोन आला नव्हता, तुझ्या पूर्ण मुक्कामात एकदाही नाही आला. दोन दिवस हे माझे होते. मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही ना. शाळेत मिळालेली पहिली पट्टी मी घरी आणली आणि काय मोजलं, तर ती कॉट. खडूने मधोमध रेघ मारली, ही तुझी बाजू, ही माझी. तेव्हापासून तू मला मोजपट्टी म्हणतेस. रेघ मारून मी आडवी-तिडवी पसरायची आणि तू कडेला एका कुशीवर. आता तर मी रेघही ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू भिंतीला टेकून बसली होतीस आणि म्हणालीस, किती शांत वाटतं गं इथे. खाली गॅरेजमध्ये पत्रा ठोकत होते. आई म्हणाली, शांत? कान तपासून घे! आपण तिघी हसलो. मी हसताना तुझ्याकडे बघितलं, तू डोळे मिटले होतेस. ते मी बघितलं, ताई, आणि परत कॉम्प्युटरकडे वळले. मला एक काम पाठवायचं होतं. ते काय काम होतं हे आता आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तू निघालीस. बॅग बाबांनी उचलली, उशी तू काखेत मारलीस. तू जाताच मी तुझी गादी गुंडाळली आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली. बसले, आणि तो आखूड पाय टक करून वाजला. रोज वाजायचा. त्या दिवशी मला ते टक सहन झालं नाही. दोन दिवसांसाठी कोण उशी घेऊन येतं?

मी टेबल उलटं केलं आणि खिळे उपसायला लागले. आई म्हणाली, हे काय नवीन? मी सांगितलं, परत कॉट करतेय. ती म्हणाली, लोक विचारतील. मी म्हटलं, विचारू देत. थोड्या वेळाने तिनेच झाडू आणला आणि माझ्याभोवतीचा भुसा गोळा करायला लागली, आणि तो झाडता झाडता तिने डोळ्यांना पदर लावला. भुसा गेला म्हणाली.

पण कापलेलं लाकूड वाढत नाही. हातभर तुकडे मी नंतर चपलांच्या फळीखाली टेकू म्हणून ठोकले होते, ते सोडवले. दोन्ही टोकांना अर्धी अर्धी खाच पाडायची, एकमेकींत बसवायची, गोंद लावायचा आणि वाळेपर्यंत भक्कम दाब द्यायचा. पहिल्या खाचा मोठ्या झाल्या, पट्टी हलायला लागली. परत केल्या. दाब द्यायला आपल्याकडे शिकंजा कुठला? पिठाचा डबा ठेवला, पुरेना. शेवटी बाबांना म्हटलं, तुम्हीच बसा. ते वर्तमानपत्र घेऊन त्या सांध्यावर बसले. पान काही उलटलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, तिची बॅग जड होती. मी म्हटलं, हो. म्हणाले, स्टॉपपर्यंत नेली मी, दोनदा हात बदलला. मग म्हणाले, मी काही थांब म्हटलं नाही तिला. वाटलं तू म्हणशील. तुला बोलता येतं. ताई, मला रडता येईना आणि त्यांना उठता येईना, गोंद ओला होता.

कॉट उभी राहिलीय. खिडकीजवळच, होती तिथेच. आम्ही तिघं एकदम बसून बघितलं, एवढंसं करकरली, पण धरलं तिने. दोन्ही पट्ट्यांवर सांधा दिसतो आणि हाताला लागतो. कितीही घासलं तरी जरासा उंचवटा राहिलाच. वर गादी आली की कुशीला टोचणार नाही, मी झोपून बघितलंय. सुयांची बाजू उशाकडेच ठेवलीय. मी आता साहेबावर बसून, कॉम्प्युटर पिठाच्या डब्यावर ठेवून काम करते, मीटिंगमध्ये सगळ्यांना माझं नुसतं कपाळ दिसतं.

हे पत्र मी तुझ्या घरी न पाठवता शिवणकारखान्याच्या पत्त्यावर पाठवतेय. का, ते तुला कळेल. तिकडे काय झालंय ते मला माहीत नाही. तू सांगशील तेव्हा ऐकेन, नाही सांगितलंस तर विचारणार नाही. आईलाही विचारू देणार नाही, तसं तिने कबूल केलंय, आणि बाबा तर काय, स्टॉपवर जाऊन उभेच राहतील. त्या दिवशी दारात मी जे म्हणायला हवं होतं ते म्हणायला एवढी करवत, एवढा गोंद आणि एवढा कागद लागला. थांबायला ये. किती दिवस, ते या वेळी मोजणार नाही. फक्त येताना उशी घेऊन ये.

तुझीच,
मोजपट्टी