मोजणीच्या दिवशीची भट्टी

३ मार्च, सोमवार

एकसष्ट! फॉर्माल्डिहाइडची मर्यादा वीस. धुराड्यातले तिन्ही नमुने पुन्हा तपासले. उपकरण ठीक, रसायन ताजं. माझी चूक नाही — मग काय?

४ मार्च

कळलं. काल मोजणी असूनही भट्टी पूर्ण भारावर होती. सहामाही मोजणीला ती पहाटेपासून निम्म्यावर आणतात. हुकूम तोंडी, कागदावर काही नाही. कामगार म्हणतात, "मोजणी आली, भट्टीला उपास!" दोन वर्षं मी ही नुसती थट्टा समजत होते. म्हणजे माझ्या सहीचे चारही अहवाल उपाशी भट्टीचे!

आम्ही दगड वितळवून लोकर काढतो. घरांच्या भिंतींत भरली की ऊब टिकते, वीज वाचते. पुड्यावर हिरवं पान छापलंय. पण लोकर चिकटवणारी राळ भाजताना जे फॉर्माल्डिहाइड सुटतं, ते आमच्याच वसाहतीवर उतरतं. वाळत घातलेल्या चादरींना वास येतो. आईला तो साबणाचा वाटतो.

काल भट्टीवर बाबा होते.

५ मार्च

मॅनेजर म्हणाले, "आकडा चुकीच्या दिवशीचा आहे. शुक्रवारी परत घ्या."

चुकीच्या दिवशीचा! मी म्हटलं, कारण लेखी द्या. ते हसले. "कारण तुमच्या घरीच आहे. वय झालं, विसरले भट्टी निम्म्यावर आणायला. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत ना त्यांच्या? मला मेमो काढायला लावू नका."

चेहरा तसाच ठेवला — तेवढं जमतं मला.

६ मार्च

अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली. आई म्हणते, "प्रयोगशाळेतून हवा खाऊनच येतेस वाटतं!" बाबा ताटातून मान वर करत नाहीत. मेमोचं त्यांच्या कानावर गेलंय का? विचारायचं धाडस नाही.

एकसष्टचा अहवाल तयार आहे. प्रदूषण मंडळाला पाठवला नाही. उद्याची मोजणी लावली. परत लावली! बाबांसाठी, असं स्वतःला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा पटलं नाही.

७ मार्च

पहाटे बाबा पाळीला निघाले, तेव्हा दारात म्हटलं, "आज भट्टी निम्म्यावर आणा. या वेळी तरी विसरू नका."

चप्पल चढवत म्हणाले, "सोमवारी विसरलो कुठे होतो?"

नऊला एकसष्टचा अहवाल पाठवला.