पान लागलं नव्हतं

प्रिय बेबीताई,

तुझ्या मरणाचं कारण बदललं आहे. ते आधी तुलाच कळवावं, म्हणून इतक्या वर्षांनी लिहायला बसले.

तू दहावीला होतीस, मी दुसरीत. पहाटे अंथरुणातच मण्यार चावली, असं मला सांगितलं. आपल्या गावात, वडनेरात, सगळ्यांना तेच सांगितलं. "पोरीले पान लागलं." बाबांनी तर शेजारी बघत असताना भिंतीतली सगळी बिळं मातीनं लिंपली. मी त्यांना माती कालवून देत होते. पुढे लग्न होईपर्यंत मी अंथरूण झटकल्याशिवाय कधी पाठ टेकली नाही. सासरी पिपरी मेघेला आले, तिथेही सवय सुटली नाही. नवरा हसायचा.

तुला चकरा यायच्या, हे मला आठवत होतं. कुणी दचकवलं की तू पडायचीस, हातपाय ताठ व्हायचे, आई कांदा फोडून तुझ्या नाकाशी धरायची आणि थोड्या वेळानं तू डोळे उघडायचीस. कांद्यावर घरात सगळ्यांचा किती विश्वास होता! मरणाशी त्याचा संबंध मी कधी लावला नाही. साप होता ना मध्ये.

आता माझी चकुली पहिलीत आहे. दिवाळीनंतर ती गादीवर लोळत होती. उशाशी ठेवलेला मोबाइल एकदम वाजला आणि ती पडली. तशीच, ताठ. आई आमच्याकडे आलेली होती. ती स्वयंपाकघरातून कांदा घेऊन धावली. तिचा चेहरा मी तेव्हा पाहिला. पण तिला काही विचारायचं सुचलं नाही.

फिटच्या गोळ्या सुरू झाल्या, तरी चकुली पुन्हा पडली. मग मोठ्या दवाखान्यात नेलं, आईही सोबत आली. मेंदूचा आलेख चांगला आला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हृदयाचा काढायला लावला आणि ती लांब पट्टी टेबलावर पसरून बराच वेळ मोजमाप करत बसल्या.

"ही फिट नसावी," त्या म्हणाल्या. "प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी तयार होतं. हिच्या हृदयाला त्यासाठी जास्त वेळ लागतो. तेवढ्यात ही दचकली की ठोके बिघडतात, मेंदूला रक्त पोचत नाही. लय आपोआप परतली की ही उठते."

"अन् कांदा?" आईनं विचारलं.

"कांद्याचा संबंध नाही, आजी. लय परतली नाही, तर कांदा काही करू शकत नाही."

मग त्यांनी विचारलं, घरात कुणी लहान वयात अचानक गेलं का? हे आजार घराण्यात असतात, उत्तरावर पुढचे उपचार ठरतील.

मी म्हणाले, "बहीण गेली, पण तिले पान लागलं होतं."

आई पदराचं टोक पिळत होती. "नाई," ती म्हणाली. "पान नाई लागलं, बाई. अभ्यासाले उठाले गजराचं घड्याय आणलं होतं. घड्याय वाजलं अन् पोरगी गेली. कांदा लावून पाह्यला. उठलीच नाई."

ताई, मला राग आला. अजूनही आहे.

"मले काऊन नाई सांगितलं?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"फिटवाल्या घरची पोरगी कोण करते? तू बाकी होती ना."

म्हणजे तो साप माझ्यासाठी होता. माझी सोयरीक त्यावर जुळली. बाबा तिकडे भेटले असतील, तर त्यांना फार बोलू नकोस. त्यांना ती बिळं बुजवताना मी पाहिलं आहे.

आता चकुलीला रोजचं औषध आहे, एकही खाडा न करता. पळण्याची शर्यत नाही, पोहणं नाही, दुसरं कुठलंही औषध विचारल्याशिवाय नाही. आम्हा सगळ्यांचे आलेख काढले. माझी पट्टीही तशीच निघाली. मीही गोळी घेते. मला कधी काही झालं नाही. तूच का गेलीस, याचं उत्तर डॉक्टरीणबाईंकडेही नव्हतं.

आई आता कुणी विचारलं की स्वतःहून खरं सांगते. परवा वडनेरच्या एका बाईला सांगितलं. त्या बाईचा पोरगाही दचकून पडतो, कांद्यानं उठतो. पुढच्या सोमवारी त्याला दवाखान्यात आणायचं आहे. मी बसस्टँडवर घ्यायला जाणार आहे.

चकुलीचं लग्न जुळवताना तुझं आणि तिचं, दोन्ही खरं मीच आधी सांगेन. ज्यांना उठून जायचं, ते जातील. आणि आमच्या घरात गजर लागणार नाही. शाळेसाठी तिला रोज मीच उठवीन, कपाळावर हात ठेवून, हळू हाक मारत. घड्याळ येण्याआधी आई तुला उठवायची, तसं.

तुझी,
बारकी