दुपारची मालिका

५ फेब्रुवारी १९७९, सोमवार

लागले बाई एकदाची नोकरीला! चिंचवडच्या एम.आय.डी.सी.त, टेलिव्हिजन बनवणाऱ्या कंपनीत, टेस्टिंगला. कराडच्या आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीच्या वर्गात मी एकटी मुलगी होते, तेव्हा यशोधरा आता अँटेनावर चढणार म्हणून सगळे खिदळायचे. आता हसा म्हणावं.

राहते आहे दापोडीला, ज्योतीरामकाकांकडे. काका एस.टी.च्या वर्कशॉपात वेल्डर आहेत. दोन खोल्या, त्यात काका, सोजरकाकू, त्यांची पाच वर्षांची सुजा आणि आता मी. मी संकोचले तर काकू म्हणाली, आगं, जागा मनात आसावी लागती. आणि लगेच पुढे म्हणाली, पर तुझी ट्रंक त्येवढी पलंगाखाली सरकव, पाय अडाखतोय.

सुजा आल्या आल्या चिकटली. अक्का, गाणं म्हण. मी काय, गाण्याला नाही म्हणणारी थोडीच? आबांचं म्हटलं:

भोंगा झाला गं साळू, पाय उचल भराभर,
चालता चालता खाऊ दोघी चटणी न् भाकर.

आबा म्हणजे माझे वडील. गायनपार्टीत होते. गाणं त्यांनीच रचलं, चालही त्यांचीच. त्याची रेकॉर्ड कधी निघाली नाही, पण आमच्या भागात पोरं सायकल मारत हेच म्हणायची. पुढे आबा गेले, पार्टी मोडली, पोरांना सिनेमाची गाणी लागली. आता पहिल्यापासून शेवटपर्यंत ते पाठ आहे ते फक्त मला. आबांचा धड एक फोटोसुद्धा नाही आमच्याकडे, पण हे गाणं म्हटलं की ते शेजारी येऊन बसतात. सुजाने एकदा ऐकून अर्धं पाठ केलं. कार्टी पक्की कानसेन आहे.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

काम आवडलं. तयार झालेले सेट एका बंद खोलीत रॅकवर मांडून दिवसभर चालू ठेवतात, तापू देतात. जो बिघडायचा तो इथेच बिघडू दे, गिऱ्हाइकाच्या घरी नको. तिला हीट रूम म्हणतात, आणि ते नाव अगदी खरं आहे, पदर पिळून घ्यावा लागतो. टीव्हीचं प्रक्षेपण संध्याकाळी सुरू होतं, म्हणून दिवसा पडद्यावर मशीनने पाडलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, आणि आवाजासाठी टेप. मी प्रत्येक सेटला कान लावत फिरायचं आणि कुठला स्पीकर फाटतोय ते हुडकायचं.

आमचे साहेब हरिहर जोगळेकर. कपाळावरचा चष्मा टेबलाखाली शोधणारा सज्जन माणूस. त्यांचं म्हणणं, मशीनच्या शिट्टीने स्पीकरची खोड कळत नाही, त्याला माणसाचा गळाच हवा. म्हणून इथे रीत आहे, नवी टेस्टर आली की तिने टेपवर एक गाणं म्हणायचं. ती असेपर्यंत हीट रूममध्ये तेच वाजतं. माझ्याआधीच्या शैलाबाईंची टेप वाजून वाजून घासली होती. त्या सांगवीच्या, एकाएकी सोडून गेल्या म्हणे.

आज मी आबांचं गाणं भरलं. खोलीतले सगळे सेट एकदम गायला लागले तेव्हा मला रडूच आलं. आबा असते तर म्हणाले असते, एवढ्या पेट्या गातायत आणि सत्काराला हार एकच?

२१ फेब्रुवारी, बुधवार

आज गंमत झाली. सगळ्यात मागच्या रॅकवर नमुन्याचा एक जुना सेट आहे, वरचं लाकडी खोकं नसलेला. जेवणाच्या सुट्टीनंतर बघते तर त्याच्यावरच्या पट्ट्या गेलेल्या, आणि चक्क कार्यक्रम लागलेला. भर दुपारी!

मालिका आहे, पुढच्या कुठल्या तरी काळातली. यानातून एका लांबच्या ताऱ्याकडे निघालेली माणसं. पृथ्वी त्यांच्या पणज्यांनी सोडलेली. कपड्यांना कुठेच शिवण नाही, भिंती घासलेल्या पातेल्यासारख्या, खिडकीबाहेर मिट्ट काळोख. बोलतात मराठीच, पण शाळा तपासायला आलेल्या साहेबांसारखं. जेवण झालं की सगळे एका खोलीत गोळा होतात आणि पृथ्वीवरची जुनी गाणी ऐकतात. एक म्हातारा प्रत्येक गाण्याचा अर्थ सांगतो आणि बाकीचे माना डोलावतात.

आज जे गाणं लागलं त्याचा आवाज मी ओळखला. शैलाबाई! मी त्यांची घासलेली टेप ऐकली होती ना. म्हणजे ती टेप मुंबईला कुणीतरी नेली आणि मालिकेत घातली. नवी मालिका असेल, दुपारी चाचणी घेत असतील. साहेबांना ओढत आणलं, तर त्यांना पट्ट्याच दिसल्या. म्हणाले, यशोधराबाई, उष्णता फार आहे, पाणी पीत जा. माणूस सज्जन, पण नजर कच्ची.

२ मार्च, शुक्रवार

आज आबांचं गाणं लागलं! यानात, ताऱ्यांच्या गावाला निघालेल्या लोकांत, भोंगा झाला गं साळू! माझ्या आवाजात. मी एकटीच टाळ्या पिटत उभी होते.

म्हाताऱ्याने अर्थ काय लावला? त्या काळी चंद्राला भाकर म्हणत, आणि साळू नावाची राणी चंद्र खाण्यासाठी रोज चालत जाई. भोंगा हा तिचा सेनापती. हसून हसून पोट दुखलं. मग तो म्हणाला, हे अभिजात आहे, असं आता कुणाला जमत नाही. आपल्याकडे गाणी होत नाहीत, आपल्याला ती आणावी लागतात. तेवढंच वाक्य ऐकायला बरं वाटलं नाही.

घरी सांगितलं. काकू म्हणाली, आता आमी बी चंद्र थापतो चुलीवर. काका कधी नव्हे ते गहिवरले, आबा त्यांचा थोरला भाऊ. कंपनीत कामगारांच्या नातेवाइकांना सवलतीत सेट मिळतो, त्यासाठी त्यांनी नाव द्यायला सांगितलं. मी हौसेने दिलं. सुजाने झोपेपर्यंत चारदा गाणं म्हणून घेतलं. आता तिला पुरं येतं.

६ मार्च, मंगळवार

कसं लिहू कळत नाही. सुजाने गाणं म्हण म्हटलं आणि मी तोंड उघडलं, तर काही आलंच नाही. पहिला शब्दच सापडेना. सुजाला वाटलं मी मस्करी करते. तिने म्हणून दाखवलं, आणि मी ते असं ऐकलं की जणू दुसऱ्या कुणाच्या घरचं गाणं.

या वहीत पहिल्याच पानावर दोन ओळी आहेत, माझ्याच अक्षरात. वाचता येतात. चाल लागत नाही. आबांचा चेहरा आठवायला गेले तर गाताना त्यांचं तोंड कसं व्हायचं ते आठवेना.

दुसरी गाणीही गेली आहेत. बुद्धवंदनासुद्धा मी आज नुसती वाचली. मालिका रोज दुपारी लागते, आणि रोज एक गाणं माझ्या आवाजात असतं. ती गाणी मी टेपवर कधीच भरली नव्हती.

८ मार्च, गुरुवार

आज कारखान्याची सुट्टी. सांगवीला शैलाबाईंचं घर शोधत गेले. अंगणात गहू निवडत होत्या. तब्येत चांगली, रंग चांगला. मला बघून हसल्या, पण बोलल्या नाहीत. त्यांच्या आईने सांगितलं, गेल्या दिवाळीपासून वाचा गेली आहे, डॉक्टरांना घशात काही सापडत नाही. आधी गाणी विसरली, मग घसा बसला, मग सगळंच. आई सांगत होती आणि डोळे पुसत होती. धाकट्या मुलीचंही तसंच झालं, ती तर कंपनीत कधी गेलीही नव्हती. दोघी बहिणी मिळून गायच्या.

मी हीट रूम म्हटलं मात्र, शैलाबाईंनी सूप खाली ठेवलं. आत जाऊन पाटी आणली आणि लिहिलं: तुमच्या घरात अजून कोणी गातं का?

मी घरापर्यंत कशी आले ते मला माहीत नाही. दारात सुजा उभी होती, गात.

९ मार्च, शुक्रवार

टेप पुसली. स्वतःच्या हाताने, पहिल्यापासून शेवटपर्यंत. साहेबांनी कोरी टेप ऐकली आणि मला घरी जायला सांगितलं. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. मला सगळे सेट गाताना ऐकू येत होते.

जाता जाता मागच्या रॅककडे बघितलं. बघायला नको होतं. म्हातारा अर्थ सांगता सांगता थांबला आणि पडद्यातून माझ्याकडे वळला. म्हणाला, ही आता संपत आली. हिच्या माणसांत हे कुणाला येतं? मग सगळे माझ्याकडे बघत राहिले. अगदी प्रेमाने. पाहुणे जेवायला बसले की पानाकडे बघतात तसे.

माझा घसा बसला आहे.

१४ मार्च, बुधवार

आवाज गेला. नोकरी सोडली. डॉक्टर म्हणाले, घसा स्वच्छ आहे, मनावर घेऊ नका.

आता ही वहीच माझं तोंड. कमरेला खोचून हिंडते. पाणी हवं, लिहा. दुखतंय, लिहा. काकू निरक्षर, तिला खुणा करते.

सुजा गायला लागली की तोंडावर हात ठेवते मी तिच्या. काल ती रडली. काकू चिडली — पोरीनं काय पाप केलंया, तुझा आवाज गेला म्हणून तिनं मुकं ऱ्हायाचं व्हय?

काकू, तसं नाही गं.

काकांना सगळं लिहून दिलं. शैलाबाई, त्यांची बहीण, म्हातारा. सेट नको म्हणून लिहिलं. त्यांनी दोनदा वाचलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, बाळा, दादाचं गाणं गेलं म्हणून तुला लागलंय. होईल बरं.

त्यांचा विश्वास नाही. मी तरी ठेवला असता का?

१९ मार्च, सोमवार

सेट आला. कंपनीच्या टेम्पोतून. साहेब स्वतः आले, माझी विचारपूस करायला. पेढे आणले होते. चाळीतली सगळी माणसं दारात.

मी सेटला मिठी मारून बसले. काकांनी सोडवलं. पहिल्यांदा ओरडले माझ्यावर.

संध्याकाळी बातम्या लागल्या. नुसत्या बातम्या. सगळे खूश. काकू म्हणाली, बघ, कुठं हाय तुझा म्हातारा?

काकू, तो दुपारी येतो.

सगळे झोपल्यावर वायर कापली. नाल्यात टाकली. आता कसा लागतो बघू.

२० मार्च, मंगळवार

काकांनी सकाळी वायर बघितली. कापलेलं टोक बोटांत धरून बसले. तेच जास्त लागलं. नवी आणतो म्हणून कामावर गेले. आता दुपार झाली, काकू नळावर. सुजाशेजारून मी हलणार नाही आज. तिला साबणाचे फुगे करून देते. गाणं नाही. गाणं नाही, बाळा.

—

दोन मिनिटं. काकूचा भरलेला हंडा आणायला नळावर गेले फक्त. दोन मिनिटं —

दार आतून बंद. सुजाचा हात कडीला पुरतो, मला माहीत नव्हतं.

आत पट्ट्यांचा उजेड. वायर नाही तरी. आत म्हातारा बोलतोय. बाळ, पुढचं कडवं येतं तुला? — आणि ती गातेय. किती सुंदर गातेय. आबा —

ऐकून चाल आठवत नाही मला. एवढं सगळं ऐकूनही —

शेजारचे सोपानराव आले. वही पुढे केली: *सोपानराव, दार तोडा. आत सुजा आहे.*

चष्मा नाही म्हणतात. वही लांब धरली, जवळ धरली. म्हणतात, अहो पोर गातीया, गाऊ द्या की, आजोळचा गळा न्हाई, ह्यो चुलत्याचा गळा हाय. कौतुकानं मान हलवतायत. मी दारावर डोकं आपटतेय आणि हे ताल धरतायत —

*दार तोडा दार तोडा*

काकू नळावरून पळत येतेय. तिला वाचता येत नाही. खुणा केल्या. गाणं, तोंड, आत. ती म्हणते काय गं, काय झालं —

खिडकी. गज. सुजा पाटावर उभी, पडद्याला गाल लावून. ते सगळे पुढे सरकलेत. म्हाताऱ्याचा कान काचेला —

शेवटचं कडवं. सुजा, नको. एक ओळ ठेव. एक ओळ तरी ठेव तुझ्याजवळ —

थांबली.

उजेड गेला. कडी वाजली.

सुजा दारात. हसतेय. काकूकडे हात पसरलेत, तोंड उघडलंय, आई म्हणतेय ती, ओठ तसेच हलतायत, आई, आणि काकू विचारतेय, आगं मोठ्यानं बोल की, मोठ्यानं —